काल आशुन

पंचायतीच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या बाबूंनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "काल आशुन."

बंगालमध्ये येऊन मला तेव्हा नऊ दिवस झाले होते. 'आशुन' म्हणजे 'या' एवढं कळायला लागलं होतं. म्हणजे काल या. सरकारी कचेरीत आपण नेमके एक दिवस उशिरा पोचतो, हा अनुभव सांगली जिल्ह्यात पुष्कळ घेतलेला, त्यामुळे शंका आली नाही. गॅस जोडणीसाठी रहिवासाचा दाखला हवा होता. त्याची काही मुदत असणार आणि ती काल संपली असणार. पडेल चेहऱ्यानं मी हिंदीत विचारलं, "मग आता कधी मिळेल?" बाबू म्हणाले, "काल." मी म्हटलं, "काल तर रविवार होता." बाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका कॉलेजातल्या पोरीनं आमची सोडवणूक केली. बंगालीत काल म्हणजे काल आणि काल म्हणजे उद्याही. कोणता ते क्रियापदावरून ओळखायचं.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "त्यात काय, आपल्याकडं परवा नाही का दोन्हीकडं चालत? परवा आला होता, परवा येणार आहे." खरंच की. एवढी वर्षं मराठी बोलून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी बँकेत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये बढतीबरोबर बदलीचं पत्र आलं आणि विट्याहून निघून मी बीरभूम जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत येऊन पडले. बोलपूरला उतरायचं, बसनं तासभर अजय नदीच्या दिशेनं जायचं आणि बस जिथं सोडेल तिथून टोटो करायचा. टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं बँकेची शाखा एकच आहे. खताच्या दुकानाच्या वरचा मजला, लोखंडी जिना, जिन्याच्या तोंडाशी कायम चपलांचा ढीग. चपला काढून वर यायला कुणी सांगितलेलं नव्हतं. लक्ष्मीच्या घरात चपला घालून जायचं नसतं, असं आमच्या शिपायाचं म्हणणं. जून २०२४ मध्ये पुन्हा बदली होईपर्यंत मी त्या गावात राहिले.

राहायला खोली मिळाली ती एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या घरी. त्यांना सगळं गाव माश्टारमोशाय म्हणायचं, तेच मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला पहिल्याच दिवशी आदरानं 'काकू' अशी हाक मारली, तर स्वयंपाकघरातून हसण्याचा मोठा आवाज आला. बंगालीत काकू म्हणजे काका. बाईंना काकिमा म्हणायचं. दोन भाषांत निम्मे शब्द सारखे आहेत म्हणून धीर धरावा, तर फसवतात ते हेच सारखे दिसणारे शब्द. अपवाद एक मुरूम. तिथल्या तांबड्या कच्च्या रस्त्याला 'मोराम रास्ता' म्हणतात, आणि तो पावसाळ्यात आपल्या मुरूमासारखाच वागतो.

पंचायत या शब्दानंही मला असंच फसवलं. आपल्याकडे गाव म्हटलं की देऊळ, शाळा आणि ग्रामपंचायत असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मी राहत होते त्या गावाला स्वतःची ग्रामपंचायत नव्हतीच. बारा-तेरा गावं मिळून एक ग्रामपंचायत, तिची कचेरी चार किलोमीटरवर, आणि तिच्या प्रमुखाला सरपंच न म्हणता प्रधान म्हणतात. हे तिथलं एकट्याचं नाही, राज्यभर असंच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची आणि पश्चिम बंगालची ग्रामीण लोकसंख्या जवळजवळ सारखी होती, दोन्हीकडे सहा कोटींच्या थोडी वर. पण महाराष्ट्रात ग्रामपंचायती २७-२८ हजार आणि तिथं साधारण ३,३०० च. म्हणजे आपला सरपंच ज्याला 'माझं गाव' म्हणतो, तसा प्रधानाचा तेरा गावांशी संबंध. दाखला, सही, शिक्का असं काही हवं असलं की बाईनं वीस रुपये टोटोला मोजायचे, वीस परतीचे, आणि तिथं बाबूंनी 'काल आशुन' म्हटलं की उद्या पुन्हा चाळीस.

गावाच्या वाट्याला येतो तो ग्राम संसद. नाव भारदस्त आहे. एका प्रभागातल्या सगळ्या मतदारांची सभा; कायद्यानं वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. मी एका नोव्हेंबरातल्या सभेला गेले होते, बँकेच्या खात्यांची माहिती द्यायला. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आणि पार्टीची मुलं दाराशी उभी. 'पार्टी' हा शब्द तिथं रोज लागतो. त्या राज्यात पंचायतीच्या निवडणुका १९७८ पासून थेट पक्षांच्या चिन्हांवर होतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीत पॅनेल असतं, कपबशी आणि शिट्टी असते, पक्ष मागून कुजबुजतो. तिथं तो समोर खुर्ची टाकून बसतो. हापशी कुठं बसवायची इथपासून घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव वर घ्यायचं इथपर्यंत कुठलीही गोष्ट त्याला वळसा घालून जात नाही. माश्टारमोशायांच्या मते हे चांगलंही होतं आणि वाईटही. चांगलं अशासाठी की अडलेल्या माणसाला रात्री अकरा वाजतासुद्धा कुणाचं दार ठोठवायचं ते ठाऊक असतं. वाईट कशासाठी, हे ते बोलले नाहीत. त्यांनी फक्त अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. काटमानी, म्हणजे कामामागे खाल्लेली टक्केवारी, हा शब्द २०१९ मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी जाहीर सभेत उच्चारून, खाल्लेले पैसे परत करा असं आपल्या लोकांना सांगितलं होतं, तेव्हा मी काही गुपित फोडत नाही.

मी रुजू झाले तो आठवडा दुआरे सरकारचा होता. दुआरे म्हणजे दारात. सगळी खाती एका शाळेच्या मैदानात मांडव घालून बसतात आणि लोक तिथं अर्ज देतात. आपल्याकडे नंतर 'शासन आपल्या दारी' आलं, तेव्हा मला त्या मांडवाची आठवण झाली. त्या ऑगस्टात लक्ष्मीर भांडारचे अर्ज सुरू होते: २५ ते ६० वयाच्या बाईला महिन्याला ५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला १,०००. पुढे एप्रिल २०२४ पासून ते १,००० आणि १,२०० झाले. विट्याच्या माझ्या मैत्रिणीला लाडकी बहीण योजनेचं कौतुक वाटत होतं तेव्हा मी तीन वर्षांची जुनीजाणती होते.

पैसे खात्यात येणार म्हणजे खातं हवं. खातं बाईच्या एकटीच्या नावावर हवं. सप्टेंबरात आमच्या लोखंडी जिन्यावर बायकांची अशी रांग लागली की खतवाल्यानं खाली दुकानाचं एक शटर बंद ठेवलं. माझ्यासमोर एक साठीच्या आसपासची बाई आली. फॉर्मवर नाव लिहायचं म्हणून विचारलं, "नाम की?" तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, तुमचं. तिनं मुलाच्या नावानं अमक्याची आई असं सांगितलं. मी आधार कार्ड मागितलं, ते वाचलं आणि तिचं नाव मोठ्यानं उच्चारलं. ती जरा मागे सरकली. शेजारची म्हणाली, "ओर नाम केउ डाके ना, दिदि." हिला या नावानं कुणी हाक मारत नाही. मी ते नाव इथं लिहिणार नाही, पण फार सुंदर नाव होतं, एका फुलाचं.

हे कागद तिथली माणसं कशी जपतात ते बघण्यासारखं असतं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी. तिच्यात आधार, रेशन कार्ड, स्वास्थ्यसाथीचं कार्ड. हे शेवटचं कार्ड घरातल्या बाईच्या नावानं निघतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो, आणि त्यावर फोटो तिचा असतो म्हणून ते तीच सांभाळते. त्याखाली पर्चा, म्हणजे त्यांचा सातबारा. आणि काही डब्यांत अगदी तळाला, घडीवर फाटायला आलेला बर्गादारीचा कागद. १९७८ नंतर तिथं वाटेकऱ्यांची नावं सरकारी दप्तरात चढवली गेली, चौदा लाखांहून जास्त. मालकाला त्यांना काढून टाकता येईना आणि बी-खत कसणाऱ्यानं घातलं असेल तर पिकाचा चौथा हिस्सा मालकाचा, बाकी कसणाऱ्याचा असा कायदा होता. पीककर्जासाठी आलेल्या एका म्हाताऱ्यानं मला तो कागद दाखवला होता. हातात देईना. दोन्ही बाजूंनी धरून माझ्यासमोर उलगडला आणि म्हणाला, वाच. त्या कागदावर नाव त्याच्या वडिलांचं होतं. वारसा लावायला म्हणून तो जमिनीच्या कचेरीत बऱ्याच वर्षांपासून 'काल' जात होता.

बर्गादारावरून बर्गी. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण माझा दुसऱ्याशी आहे. एका दुपारी काकिमा नातवाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या आणि गुणगुणता गुणगुणता माझ्याकडे बघून एकदम थांबल्या. मी विचारलं काय झालं. माश्टारमोशाय वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं गाणं म्हणतेय ती." बाळ झोपलं, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी आले, अशी ती अंगाई आहे. बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे बारगीर. भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये कटव्याला तळ देऊन बसले होते, माझ्या शाखेपासून ते गाव फार लांब नाही. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा ते सत्र थांबलं. शाळेत आम्ही अटकेपार झेंडे शिकलो. हे शिकलो नाही. त्या अंगाईत पुढे आई विचारते की बुलबुलांनी धान खाल्लं, आता खजिना कशानं भरू? खजिना म्हणजे सारा. तो शब्द आजही चालतो. जमिनीच्या कचेरीत जाऊन लोक 'खाजना' भरतात. म्हणजे त्या गावाच्या तोंडी सरकार म्हणून जे पहिलं काही बसलंय ते घोड्यावरून येऊन मागणारं आहे. काकिमांना मी म्हटलं, गा, मला चालेल. त्या म्हणाल्या, "तुला चालेल, पण तो झोपला."

आता तेच सरकार देतं, आणि दिलेलं पोचलं का हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे. "टाका ढुकेछे?" हा प्रश्न मी तीन वर्षांत किती हजार वेळा ऐकला असेन! आपल्याकडे पैसे खात्यावर पडतात. तिथं ते आत शिरतात. पहिल्या वर्षी या प्रश्नाला बहुतेक वेळा 'हो' म्हणता यायचं. मग मार्च २०२२ मध्ये शंभर दिवसांच्या कामाचे पैसे शिरायचे थांबले. रोजगार हमीला तिथं 'एकशो दिनेर काज' म्हणतात. केंद्रानं हिशेबातल्या गैरप्रकारांचं कारण देऊन कायद्याच्या २७ व्या कलमाखाली राज्याचा निधी अडवला, राज्यानं त्याला राजकारण म्हटलं. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असेल. पण तळं खणून झालं होतं. पावसाचं पाणीही त्यात साचलं होतं. आणि ज्यांनी दिवसाला २१३ रुपयांवर ते खणलं ते जिन्यावर उभे होते.

पासबुक छापायचं आमचं यंत्र जुनं होतं. नवी नोंद असली की करकर करत पुढे सरकायचं. नसली की नुसतं 'टक' करून पासबुक बाहेर ढकलायचं. पहिल्या काही महिन्यांत लोकांना तो फरक कानांनी कळायला लागला. 'टक' झालं की पासबुक उघडूनही न बघता जिना उतरायचे. मग हळूहळू यायचेच थांबले. पुरुष केरळात गेले, चेन्नईला गेले, काही मुंबईत गवंडीकामाला. एकानं फोनवरून मला विचारलं होतं, "दिदि, विरार कोणत्या गाडीनं?" २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं ती थकलेली मजुरी आपल्या तिजोरीतून द्यायला घेतली आणि खात्यांत पैसे शिरले. तेव्हा यंत्र करकरलं, पण निम्म्या पासबुकांचे मालक गावात नव्हते. काहींची खाती केवायसीअभावी गोठलेली. दोघांच्या बायका वारसाचा दाखला विचारत आल्या. तो दाखला पंचायतीत मिळतो.

माझ्या ओळखीचं तिथं कुणीच नव्हतं असं मात्र नाही. बोलपूरच्या बाजारात एका सोनाराच्या दुकानामागे गलाईची भट्टी दिसली आणि मी पाटी न वाचताच आत गेले. खानापूर तालुक्यातलं कुटुंब निघालं. तीस वर्षं तिथं सोनं गाळतायत. मुलगी शाळेत बंगाली निबंधात पहिली आलेली. आमच्या भागातली माणसं असं सोनं गाळायला देशभर पसरली आहेत हे ठाऊक होतं, पण झवेरी बाजारात घडणावळ करणारे बंगाली आणि बोलपुरात सोनं गाळणारे विटेकर अशी ही अदलाबदल कुणी ठरवली असेल? त्या घरी मी दर दोन महिन्यांनी भाकरी खायला जायची. बाकी महिने भात, पोस्तो म्हणजे खसखस आणि तळ्यातले मासे.

दवाखान्याचं लिहायला हवं, कारण पहिल्या पावसाळ्यात मी तापानं पडले. गावात उपकेंद्र आहे, सगळ्या सरकारी इमारतींसारखं निळं-पांढरं, आणि तिथली नर्स दिदिमोणि लसीकरणाच्या दिवशी घड्याळ लावून येते. आशा दिदि तर गावातलीच. गरोदर बाईचा आठवा महिना कधी लागतो हे त्या बाईपेक्षा तिला आधी माहीत. अंगणवाडीला सगळे 'खिचुडी इस्कूल' म्हणतात, खिचडी आणि अर्धं उकडलेलं अंडं मिळतं म्हणून, आणि तो शब्द चेष्टेनं म्हणतात की मायेनं हे अजून मला कळलेलं नाही. पण रात्री नऊला ताप १०३ झाल्यावर काकिमांनी ज्याला बोलावलं तो डॉक्टर नव्हता. हातुडे, म्हणजे शिक्षण न घेतलेला गावठी डॉक्टर. सायकलवरून आला, नाडी बघितली, जीभ बघितली, गोळ्या दिल्या, सलाईन लावायला मी नको म्हटल्यावर जरा हिरमुसला, पण म्हणाला, दोन दिवसांत उतरला नाही तर बोलपूरला रक्त तपासा, डेंग्यू असू शकतो. पैसे घेतले पन्नास.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा माझा डॉक्टर भाऊ ओरडला. त्याचं बरोबरच आहे. पण याच बीरभूममध्ये अशा गावठी डॉक्टरांना नऊ महिने शिकवण दिली तर काय होतं याचा एक नीट अभ्यास झाला होता. ३०४ जण त्यात होते, अभ्यासकांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी होते, आणि २०१६ मध्ये तो छापून आला. शिकवलेले लोक रोगी तपासण्यात आणि रोग हाताळण्यात स्पष्ट सुधारले. नको तेवढी अँटिबायोटिकं द्यायची त्यांची सवय मात्र गेली नाही. माझ्या पन्नास रुपयांत तीन अँटिबायोटिक गोळ्या होत्या, तेव्हा अभ्यास बरोबर असावा. रात्री नऊला सायकलवरून येणारा दुसरा कुणी जोपर्यंत नाही तोपर्यंत भावाच्या ओरडण्याला मी काय उत्तर देणार!

माश्टारमोशायांना या सगळ्याबद्दल एक जुनं दुःख होतं. श्रीनिकेतन तिथून जवळ. १९२२ मध्ये रवींद्रनाथांनी एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाला घेऊन खेड्यांचं काम तिथं सुरू केलं, मलेरियाविरुद्ध, आणि गावांनी वर्गणी काढून आपला डॉक्टर ठेवायचा अशा सहकारी आरोग्य समित्या काढल्या. माश्टारमोशायांचे वडील त्यातल्या एका समितीची वर्गणी गोळा करायचे. "तेव्हा डॉक्टर आमचा होता," ते म्हणायचे, "आता सरकारचा आहे, म्हणून येत नाही." मला हे पटायचं नाही. वर्गणी न देणाऱ्याच्या घरी तो डॉक्टर जायचा का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला आणि मग चहा मागवला. पण रवींद्रनाथांनी बँकही काढली होती, हे ते मला मुद्दाम सांगत. पतिसरला, आता बांगलादेशात आहे ते गाव, १९०५ मध्ये शेतकऱ्यांसाठी. नोबेलची रक्कम त्यांनी त्याच बँकेत ठेवली. पुढे कर्जं वसूल झाली नाहीत आणि बँक बुडाली. "तुझ्या शाखेचं एनपीए किती?" असं विचारून ते मिशीत हसायचे.

बँक बुडण्यावरून त्या गावात विनोद कमीच होतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये शारदा चिटफंड कोसळला आणि त्यामागून इतरही. घरोघरी पैसे गोळा करणारे एजंट म्हणजे कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी जावई. पैसे नेणारा परका असता तर भांडता आलं असतं. त्या राज्यातल्या लोकांची पोस्टाच्या बचतीवरची श्रद्धा देशात सगळ्यात मोठी, आणि नेमके तिथलेच पैसे काढून अनेकांनी या कंपन्यांत घातले होते. म्हणून मी गेले तेव्हाही, आठ वर्षांनी, बायका पैसे भरल्यावर माझ्या तोंडाकडे बघत नसत, पासबुकाकडे बघत. पासबुकाला 'बोइ' म्हणतात, म्हणजे पुस्तक. बोइत चढलं ते खरं. एसएमएसवर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच.

आता माझ्या 'काल आशुन'विषयी.

गावातल्या बऱ्याच बायकांना बँकेत यावंच लागत नाही. चौकात सीएसपी, म्हणजे बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे, एका पोराचं, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बसलेलं. पण धान लावून, शेणी थापून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा गेल्यात त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. तो पोरगा यंत्राशेजारी बोरोलीनची ट्यूब ठेवायचा. अंगठ्याला चोळायचं, पुसायचं, दाबायचं. लाल दिवा. पुन्हा चोळायचं. चार वेळा लाल दिवा लागला की तो म्हणायचा, मासिमा, शाखेत जा.

अशी एक मासिमा दर महिन्याला माझ्याकडे यायची. विधवा भाता, महिन्याला १,००० रुपये. राहायची पलीकडच्या गावात. जिना चढताना प्रत्येक पायरीवर एकदा थांबायची आणि वर आली की आधी पाणी मागायची. बंगालीत पाणी खातात, "जल खाबो, मा." मला ती मा म्हणायची. ११ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार, लिंक सकाळपासून नव्हती. धान कापणीचे दिवस. लोक तासभर थांबून शिव्या घालत परत गेले. ती मात्र बाकावर बसून राहिली. अडीच वाजता मी तिच्याजवळ जाऊन माझ्या आता बऱ्यापैकी सुधारलेल्या बंगालीत म्हटलं, "मासिमा, आज हबे ना. काल आशुन."

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे २०१५ पासून चालत आलेलं आहे. मी बँकेत आहे. माझ्या टेबलावर कॅलेंडर होतं, त्यावर त्या शनिवारी लाल गोल होता, आणि त्या सुट्टीत मी स्वतः शांतिनिकेतनला हाट बघायला गेले होते.

सोमवारी जिन्यावरून शिपाई आधी आला. चहावाल्यानं त्याला सांगितलं होतं की शनिवारी एक म्हातारी शटरसमोर बारा वाजेपर्यंत बसली होती. चहावाला म्हणाला, बंद आहे, जा. ती म्हणाली, मॅनेजार दिदि नं बोलावलंय, येईल.

साडेअकराला ती आली. प्रत्येक पायरीवर थांबत. पाणी प्यायली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमि तो काल आशते बोलेछिले, मा." तू तर काल यायला सांगितलं होतंस. त्या वाक्यातला काल कुठला, हे मला क्रियापदावरूनही ओळखता आलं नाही. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी बँकेतली सवयीची उत्तरं दिली असती.

तिचे हजार रुपये दिले. मग पर्समधून चाळीस काढले आणि तिच्या हातात ठेवले. म्हटलं, शनिवारच्या टोटोचे. तिनं ते बघितले. परत देईल असं वाटलं, किंवा पदराला बांधेल. तिनं पिशवीतून पुन्हा बोइ काढलं, नोटा त्यावर ठेवल्या आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"बोइये तुले दाओ."

पुस्तकात चढव. मी म्हटलं, मासिमा, हे माझे पैसे आहेत, बँकेचे नाहीत. तिनं मान हलवली, म्हणजे ऐकलं. पण पुस्तक मागे घेतलं नाही. रांगेतले लोक बघायला लागले होते. मी भरणा स्लिप घेतली, तिचं नाव लिहिलं, खाते क्रमांक लिहिला, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली. सही करायच्या जागी तिचा अंगठा घेतला; शाईवर तो उमटला, नुसता निळा गोल, एकही रेघ नसलेला. कॅशियरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चाळीस रुपये मोजून घेतले. बोइ यंत्रात घातलं. ते करकरलं.